साल सोडणारं पोवळं

गौरव्वा अक्कांचं नाव आधी घेतो, मग पुढचं सांगतो. पुढच्या हकिकतीत माझं शहाणपण शोधायला गेलात तर हाती फारसं लागणार नाही. अक्का सोलापुरात, आमच्या मत्स्यालयाच्या मागच्या गल्लीत राहतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकतात. माहेर दुधनीचं. मासा त्यांनी जन्मात तोंडात घातलेला नाही आणि समुद्र कधी पाहिलेला नाही. तरी समुद्रातला एक जीव या कोरड्या गावात अजून तग धरून आहे, तो त्यांच्यामुळे. त्यांच्या खालोखाल नाव देशपांडे सरांचं. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, निवृत्तीनंतर ट्रस्टच्या या मत्स्यालयाचं काम बघू लागले.

मी मालवणच्या बाजूचा. सातवीनंतर शाळा सुटली आणि होडीवर गेलो. सर नमुने गोळा करायला आमच्या किनाऱ्यावर येत. ओहोटीला खडकांतून त्यांना हिंडवायचं काम माझ्याकडे असे. एकदा म्हणाले, "सदा, सोलापूरला खाऱ्या पाण्याची टाकी करतोय. तिथं खारं पाणी कळणारा माणूस नाही. येतोस?" घरी खाणारी तोंडं बरीच होती, मी आलो. सोलापूरच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पहिली गोष्ट जाणवली ती ही, की वाऱ्याला कसलाच वास नाही. धास्ती बसली. ती कमीजास्त होत अजूनही आहे. माझा स्वभावच तसा. टाकीत मासा जरा जास्त वेळ कोपऱ्यात थांबला तर मला जेवण जात नाही.

माझ्या हुद्द्याला कागदावर 'परिचर' म्हणतात. लोक 'मासेवाला' म्हणतात, आणि भाजी आणायला गेलो की एखादा तरी हळूच भाव विचारतो.

आता पोवळ्याबद्दल सांगायला हवं. पोवळं म्हटलं की अंगठीतला लाल खडा आठवतो, तसलं हे नव्हे. आमचं पोवळं म्हणजे लहान कलिंगडाएवढा गोल दगड, वरून मधाच्या पोळ्यासारखी घरं पाडलेला. प्रत्येक घरात एक जीव. दिवसा तो आत मिटून बसतो आणि ऊन उतरलं की तोंडाभोवतीची इवली बोटं बाहेर काढतो. मग त्या दगडावर हिरवट-तपकिरी फुलोरा आल्यासारखा दिसतो. खालचा दगड त्या जीवांनीच पिढ्यान्‌पिढ्या बांधलेला असतो. जिवंत असतो तो फक्त वरचा थर, दुधावरच्या साईएवढा. मी त्याला साल म्हणतो.

आमचं पोवळं मी स्वतः आणलं होतं. ओल्या गोणपाटात गुंडाळून, एस्टीत मांडीवर घेऊन, घाटात दर वळणाला त्याच्यावर समुद्राचं पाणी शिंपडत. शेजारच्या बाई म्हणाल्या, "बाळ लहान आहे का हो?" मी हो म्हणालो.

मत्स्यालयात येणारी माणसं रंगीत मासे बघायला येतात. पोवळ्यापुढे थांबणारा विरळाच. एकदा मोहोळकडचे एक शेतकरी बराच वेळ काचेला नाक लावून उभे राहिले आणि मला म्हणाले, "ह्यो दगुड कशापायी ठिवलाय?"

मी म्हणालो, "जिवंत आहे तो."

"व्हय? मग हलंना कसा?"

"हलत नाही, पण जिवंत आहे."

त्यांनी मागे उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं. "मग आपला थोरला बी हितंच आणून ठिवूया की."

ती बाई तोंडाला पदर लावून इतकी हसली की मलाही हसू आवरेना. पण ते खरं बोलले होते. न हलणाऱ्या जिवाला काय होतंय हे ओळखणं फार कठीण. मासा आजारी पडला तर तो वाकडा पोहतो, खाणं सोडतो. पोवळं काही सांगत नाही.

खाऱ्या टाकीचं रोजचं मोठं काम म्हणजे भर घालणं. सोलापूरच्या उन्हात टाकीचं पाणी भराभर उडतं. उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची, नाहीतर खारटपणा वाढत जातो. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, तरी आमच्या भागात चांगलं पाणी मिळायचे वांधेच होते. बागेतल्या विहिरीचं पाणी इतकं जड, की त्यात डाळ शिजत नसे.

मी घागर घेऊन मागच्या गल्लीत दारोदार विचारत हिंडत होतो, तेव्हा अक्कांची गाठ पडली. त्या ओट्यावर भाकऱ्या वाळत घालत होत्या. त्यांच्या परसातल्या आडाला गोडं पाणी आहे, असं कोणीतरी सांगितलं होतं.

"कशाला पायजे पानी?"

"दगडाला... म्हणजे दगडासारखा एक जीव आहे, त्याला."

त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "कुटला तू?"

"मालवणकडचा."

"लई लांबचा की. ऊटा आतेनू?"

मला कानडी येत नव्हतं. शेजारच्या बाईने सांगितलं, जेवलास का विचारत्यात. त्या दिवसापासून अक्कांचा पहिला प्रश्न कायम तोच राहिला. नाव सदाशिव आहे कळल्यावर त्यांना फार बरं वाटलं. गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणाल्या, "नाव शिवाचं आन् खानं मासळीचं. चालतंय. बस जेवाय."

तेव्हापासून मी दोन वेळ त्यांच्याकडे जेवू लागलो आणि पाणीही त्यांच्याकडूनच नेऊ लागलो. त्या मला 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. रोज सकाळी आडावरून एक कॅन भरायचा आणि टाकीत हळूहळू सोडायचा. पोवळं मजेत होतं.

एकदा जेवताना त्यांनी विचारलं, "काय म्हंतोय तुजा दगड?" मी सहज म्हणालो, "बरा आहे, पण नाजूक फार, अक्का. जितकं चोख पाणी मिळेल तितकं त्याला हवं असतं." दुसऱ्या दिवशी मी आडाकडे वळलो तर म्हणाल्या, "आडाचं नगं. आतलं घे."

आत देवळीखाली त्यांचा तांब्याचा हंडा होता. आईने लग्नात दिलेला, दुधनीहून बैलगाडीतून आलेला. रोज चिंचेने घासून त्याला असं तेज आणलेलं, की त्यात तोंड दिसावं. आदल्या संध्याकाळी पाणी गाळून त्यात भरायचं आणि सकाळी ते देवाला घालून मग घरात वापरायचं, अशी त्यांची रीत. "रात्रभर तांब्यात ऱ्हायलेलं पानी. ह्येच्यापरीस चोख काय असतंय?" मला तर भरून आलं. परक्या गावात माझ्या दगडासाठी कोणी देवाचं पाणी काढून देत होतं.

पावसाळा संपला आणि ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं. एके दिवशी पोवळ्याच्या तळाशी पांढरी रेघ दिसली, नखाएवढी. मला वाटलं रंग उडाला असेल. उन्हाने, गरम पाण्याने पोवळ्याचा रंग जातो, पण तेव्हा साल जागेवर असते, फक्त फिकी पडते आणि पाणी थंड झालं की सावरते. मी भिंग लावून बघितलं. साल नव्हतीच. तिथे नुसती रिकामी घरं, धुतलेल्या हाडासारखी. आणि रेघेच्या वरची कड उसवल्यासारखी, धागे सुटलेल्या चादरीसारखी लोंबत होती. पंपाच्या लाटेबरोबर तिचे तुकडे सुटून जात होते.

सरांनी बघितलं आणि चष्मा काढून पुसला. "साल सोडतंय, सदा. मधलं काही बघू नकोस. काठ बघत जा. सगळं काठावर कळतं."

काठ रोज वर सरकत होता.

याच सुमारास व्यवस्थापकांनी मला ऑफिसात बोलावलं. गृहस्थ वाईट नव्हते, पण ट्रस्टींना उत्तरं त्यांनाच द्यावी लागत. म्हणाले, "जानेवारीत गड्ड्याची जत्रा आहे. यात्रेची निम्मी माणसं आपल्याकडे येतात. त्यांना मेलेला दगड दाखवायचा का? तोवर तो सुधारला नाही तर ती टाकी रिकामी करून गोड्या पाण्याचे मासे सोडू."

मी विचारलं, "मग माझं काय?"

ते कागद चाळत म्हणाले, "खारं पाणीच नसलं तर खाऱ्या पाण्याचा माणूस कशाला, तूच सांग."

घरी परत जायचं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. होडीवर माझी जागा धाकट्या भावाने घेतली होती. पण खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा मला ते पोवळं खात होतं. मी त्याला त्याच्या घरातून उचलून इथे आणलं होतं, आणि इथे ते मुकाट्याने मरत होतं.

आम्ही सुचेल ते केलं. टाकीवर ओली गोणपाटं टाकून पाणी गार ठेवलं, पंपाचा झोत वाढवला, काच घासली. मग सरांच्या लक्षात आलं की टाकीच्या तळाशी पैसे पडलेत. नदीत टाकतात तसे लोक हात जोडून आमच्या टाकीतही पैसे टाकत. काही जुने तांब्याचे होते. सर म्हणाले, "हे काढ. तांबं वाईट." मी सगळे पैसे वेचले आणि टाकीवर जाळी बसवली. लोक जाळीवर पैसे ठेवू लागले. पण काठ काही थांबला नाही.

त्यानंतर शंख पडू लागले. काचेला चिकटून फिरणारे शंख सुटून तळाशी उलटे पडायचे. शंखात राहणारे खेकडे अर्धे बाहेर येऊन मरायचे. मासे मात्र ठणठणीत. सर टेबलापाशी बसून विचार करत होते. त्यांच्यापुढे नेहमीचं तांब्याचं भांडं होतं. वैद्याने सांगितल्यापासून ते त्यातलंच पाणी पीत.

"मासे बरे, शंख-खेकडे मरतात, पोवळं साल सोडतंय. सदा, ही तांब्याचीच खूण आहे रे. पण पैसे तर काढले." मग त्यांनी विचारलं, "भर कुठल्या पाण्याची घालतोस?"

मी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "अक्कांकडचं, सर. एकदम चोख. रात्रभर तांब्याच्या हंड्यात ठेवलेलं."

सर पाणी पिणार होते. त्यांनी भांडं तोंडापर्यंत नेलं, तसंच खाली ठेवलं आणि त्या भांड्याकडे बघितलं.

"कधीपासून?"

मी सांगितलं. आम्ही दोघांनी मनात हिशेब केला. हंड्यातलं पाणी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांनी ती पांढरी रेघ दिसू लागली होती.

"माणसाला ते पथ्याचं, याला विष. आणि बघ, पाणी उडतं तसं मीठ मागे राहतं ना? तांबंही मागेच राहतं. रोज चिमूटभर साठत गेलं." मग डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "माझ्याही ध्यानात आलं नसतं. आपल्यात कोणाच्याच आलं नसतं. आजपासून ते बंद कर. त्या बाईंना मी येऊन सांगू का?"

मी म्हणालो, मी सांगतो. म्हणालो खरा, पण ती गल्ली त्या दिवशी मला फार लांब वाटली. ज्यांच्या हातचं खाऊन मी या गावात उभा होतो, त्यांना जाऊन सांगायचं की तुम्ही देवाचं म्हणून दिलेलं पाणी बाधलं.

अक्का चुलीपुढे होत्या. "ऊटा आतेनू?"

"नाही."

"मग बस. तोंड का असं पडलंय?"

मी पैशांपासून सुरुवात केली. मग शंख, मग खेकडे, मग सर काय म्हणाले आणि कसे म्हणाले. तव्यावरची भाकरी करपू लागली.

"तम्मा, काय त्ये एकदा बोल. माजी भाकरी चालली वाया."

"अक्का, तुमच्या हंड्यातलं पाणी त्याला सोसत नाही."

त्यांचा हात थांबला. "कोन म्हंतंय?"

"सर."

"त्ये स्वता कशातलं पेत्यात?"

"तांब्यातलंच."

"मग?"

"माणसाच्या अंगाला तेवढं चालतं. त्याचं सगळं अंगच साईएवढं आहे, अक्का. तांबं पाण्यात उतरतं थोडं."

"मी रोज चिंचंनं घासती हंडा. एक डाग दावून दे."

मी मान खाली घातली. "घासून उघडं पडलेलं तांबं जास्त उतरतं म्हणतात."

अक्कांनी करपलेली भाकरी बाजूला काढली, दुसरी टाकली, मला वाढलं. मी कसंबसं जेवलो. निघताना एरवी त्या 'सकाळी ये' म्हणायच्या. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

सकाळी गेलो तर ओट्यावर कॅन नव्हता आणि दाराला बाहेरून कडी. असं कधी झालं नव्हतं. तसाच मत्स्यालयाकडे आलो, तर फाटकावर गलका ऐकू आला.

"आत जायचं तर तिकीट काढा, अहो अक्का," रखवालदार म्हणत होता.

"माजं काढते की. पन पान्याला बी तिकीट लावनार का तू?"

हातगाडीवर दोन नव्या कोऱ्या मातीच्या घागरी, तोंडापर्यंत भरलेल्या. मागे अक्का, घामाने डवरलेल्या. मला बघून म्हणाल्या, "सांजच्याला कुंभाराकडं गेलते. त्यो म्हंतोय, उन्हाळा सरला, आता घागरी कोन घेतंय? म्हटलं, आमचा दगड घेतोय." घागरी त्यांनी रात्रभर भिजत ठेवल्या होत्या, मग ते पाणी ओतून आडाचं ताजं भरलं होतं. "मातीचं तरी चालतंय न्हवं? का आजून काय हाय तुज्या सरांचं?"

चालतंय, म्हणालो.

अक्का मत्स्यालयात पहिल्यांदाच आल्या होत्या. मासळीच्या घरात कशाला जायचं, असं त्यांना वाटे. रंगीत मासे त्यांनी बघितलेसुद्धा नाहीत, सरळ खाऱ्या टाकीपुढे येऊन उभ्या राहिल्या. पोवळ्याचा निम्म्याहून जास्त भाग पांढरा पडला होता.

"ह्ये पांढरं म्हंजे गेलेलं?"

"हो."

"आन् ही कड?"

"ती सुटतेय. तिथून वर अजून जिवंत आहे."

त्यांनी काचेवर तळवा ठेवला. "मी रोज ह्येच्या अंगावर इख घालत हुते."

"तसं नाही अक्का..."

"न्हाय म्हनू नगं. झालं त्ये झालं. आता काय करायचं त्ये बोल."

सर मागे येऊन उभे होते. काय करायचं ते त्यांनी सांगितलं. टाकीच्या पाण्यात आणि वाळूत तांबं मुरलं आहे, ते लगेच निघणार नाही. जिवंत भाग कापून वेगळा काढायचा, ताज्या समुद्राच्या पाण्यात ठेवायचा आणि वाट बघायची. त्याला जागा हवी सकाळचं ऊन येणारी आणि रात्री गारठा न होणारी. आमच्या पत्र्याच्या खोलीत हिवाळ्यात दात वाजत.

"माज्या घरात ठिवा की," अक्का म्हणाल्या. "चुलीच्या भित्तीला लागून खिडकी हाय."

राहिला समुद्र. बाजारात हमीदभाई म्हणून सुक्या मासळीचे व्यापारी होते, त्यांचा ट्रक कोकणातून यायचा. मी त्यांना गाठलं, म्हटलं, माझा भाऊ समुद्राचं पाणी भरून देईल, ट्रकमधून आणाल का? ते आधी हसले. "समुंदर मंगाता? कित्ते किलो?" मग माझा चेहरा बघून गंभीर झाले. "हौ, लाता. पर डब्बे का तोंड बराबर बंद करने बोल तेरे भाई को. मेरा बोंबील भिगा तो मैं तेरे कू सुकाता."

माझ्या धाकट्या भावाने कॅन भरून दिले आणि ट्रक आला. कॅन बोंबलाच्या पोत्यांमधून आलेले, त्यामुळे वास असा, की गल्लीतली दारं धडाधड लागली. समोरच्या म्हाताऱ्या काकू ओट्यावर येऊन म्हणाल्या, "गौरव्वा, अगं लिंगायताच्या घरात ह्ये काय?"

अक्का शांतपणे कॅन पुसत होत्या. "समुद्र हाय त्यो. मासे त्येच्यात ऱ्हात्यात, त्यो मासे खात न्हाय." आणि कॅन आत घेतला. नंतर हळूच बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं. "अय्य! एवडं खारट? आन् ह्येच्यात तू वाढलास?"

कापायचं काम त्यांच्याच ओट्यावर झालं. सरांनी लोखंड कापायच्या करवतीचं नवं पातं आणलं होतं. पोवळं कापताना नियम एकच. काठावर कापायचं नाही. काठ आजारी असतो. त्याच्याही आत, जिथे साल घट्ट आणि टवटवीत आहे तिथे दोन बोटं सोडून कापायचं. म्हणजे चांगलं दिसणारं, जिवंत असलेलंही थोडं टाकून द्यायचं. हे फार जड जातं. सर पातं ठेवत होते आणि मी म्हणत होतो, "सर, अजून जरा खाली चालेल ना?" अखेर अक्काच म्हणाल्या, "तम्मा, तू जरा तिकडं बघ."

तीन तुकडे निघाले, मोठ्या लिंबाएवढे. आयोडीन घातलेल्या समुद्राच्या पाण्यात थोडा वेळ बुडवले, मग मागावरच्या पक्क्या सुताने धुतलेल्या दगडांवर बांधले आणि कॉलेजातून आणलेल्या रुंद काचेच्या बरण्यांत ठेवले. हवेचा पंप लावायचा तर घरात विजेचा एकच होल्डर. पंप लावला की दिवा काढायला लागायचा. अक्कांनी काही न बोलता दिवा काढला आणि चिमणी पेटवली. त्या हिवाळ्यात संध्याकाळच्या भाकऱ्या त्यांनी चिमणीच्या उजेडात थापल्या. मी बोललो की म्हणायच्या, "भाकरी काय डोळ्यानं थापत्यात व्हय?"

कापून उरलेलं मूळ पोवळं परत टाकीत ठेवलं, ते आठवड्याच्या आत संपलं. त्याची शेवटची साल गेली तेव्हा मी टाकीकडे पाठ करून बसलो. इकडे बरणीतल्या एका तुकड्याचा काठही पुन्हा उसवू लागला. तो आम्ही लगेच बाजूला काढला, म्हणजे त्याची घाण बाकीच्यांना लागायला नको. आता सगळी भिस्त दोन तुकड्यांवर होती. मी रोज भिंग लावून बघायचो. बघायचो म्हणजे काय, घाबरत घाबरत एक डोळा उघडायचो.

एके सकाळी अक्काच म्हणाल्या, "ह्ये बघ, कड गोल झाली का?"

मी बघितलं. कापलेल्या जागेवरचा काठ आता फाटका नव्हता. तो जरासा फुगून, गोल होऊन, भाकरीच्या कडेसारखा बंद झाला होता. सर दुपारी आले, त्यांनी भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "थांबलं. आता हे खाली उतरेल." तसंच झालं. साल कापलेल्या पांढऱ्या दगडावरून अगदी सावकाश खाली येऊ लागली. आणि चूल विझत आली होती अशा एका संध्याकाळी दोन्ही तुकड्यांनी बोटं बाहेर काढली. अक्का हातातलं पीठ तसंच ठेवून बघत राहिल्या. "हाताची बोटं काडतंय की रं," एवढंच म्हणाल्या.

टाकीतलं जुनं पाणी आणि वाळू फेकून दिली. हमीदभाईंच्या ट्रकच्या फेऱ्या झाल्या, टाकी नव्याने भरली आणि गड्ड्याच्या तोंडावर दोन्ही तुकडे तिथे नेऊन ठेवले. एवढ्या मोठ्या टाकीत ते दोन लिंबांसारखे दिसत होते. व्यवस्थापकांनी बघितलं. "एवढंसंच?"

मी टाकीची काच पुसायला लागलो.

गड्ड्याची गर्दी सुरू झाली. मासे बघून लोक पुढे सरकत होते. संध्याकाळी सांगोल्याकडचे एक मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी, आमच्या टाकीपुढे थांबले. मी सवयीने सांगितलं, हा दगड जिवंत आहे, आजारी होता, कापून वाचवला. ते खाली वाकले, काठ बघितला आणि मागच्यांना हाक मारली. "ये रं, हिकडं या. मेंढराला लांडग्यानं फाडलं की जखम भरती का न्हाय, कडंकडंनं? तशी दगडाची जखम भरत्या, बघा." मग काय विचारता. त्यांच्याबरोबरची सगळी माणसं काचेला लागली, त्यांच्या मागे आणखी. ते उभे राहून प्रत्येकाला कड दाखवत होते. माझ्यापेक्षा चांगलं सांगत होते. रांग दारापर्यंत गेली. व्यवस्थापक बाहेर येऊन रांगेकडे बघत उभे राहिले. रात्री निघताना मला म्हणाले, "पुढच्या गड्ड्यापर्यंत ठेवू या. मग बघू."

ते दर वर्षी हेच म्हणतात. मी अजून इथेच आहे. ते दोन तुकडे आता एकमेकांना भिडायला आलेत, आणि भर मातीच्या घागरीतल्या पाण्याची असते. हंडा देवळीखालीच आहे, तसाच लखलखीत. त्यातलं पाणी मी जेवताना पितो. गेल्या दसऱ्याला अक्कांना विचारलं, "अक्का, मी तुमच्यासाठी काय करू?" त्या म्हणाल्या, "जेव की पोटभर." मी हट्टच धरला. तेव्हा जरा लाजून म्हणाल्या, "त्यो समुद्र एकदा बघायचा हुता. पन त्या घाटात मला उलटी हुती."

तर अक्का, हे छापून आलं की कोणाकडून तरी वाचून घ्या. घाटात खिडकीची जागा मी धरीन, आवळासुपारी खिशात असेल, आईला सांगून ठेवीन की त्या दिवशी चुलीवर मासळी चढवायची नाही. मोठ्या ओहोटीचा दिवस बघून तुम्हाला खडकांपर्यंत नेईन. तिथे गुडघाभर पाण्यात ती पोवळी आहेत, कोणी न राखलेली, साल शाबूत असलेली. आजवर पाणी तुम्ही दिलंत. त्या दिवशी पाणी माझ्या घरचं असेल, आणि तुम्ही नुसते पाय सोडून बसायचं.